शेवाळाची बाटली : पोट भरते की भूक लावते?

"भाऊ, हाई दवाई पोट भरस का नुसती भूक लावस?"

आमच्या शेजारच्या आबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी ओसरीवर बसून पुण्याला पाठवायच्या बाटल्यांना चिकटपट्टी लावत होतो. पारोळ्याहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. अशा गावात बसून मी समुद्री शेवाळाचं खत ऑनलाइन विकतो, याचं गावाला आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं. आबांच्या प्रश्नात मात्र हसू नव्हतं, कौतुकही नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या खरिपात त्यांनी माझ्या शब्दावर कपाशीच्या युरियाचा शेवटचा हप्ता टाकला नव्हता. "आता हे फवारलं की रासायनिक खताची गरज नाही," असं मी त्यांना सांगितलं होतं. ते वाक्य माझं नव्हतं. माल देणाऱ्याच्या जाहिरातीतून ते मी जसंच्या तसं उचललं होतं. पण आबांनी जाहिरात वाचली नव्हती, त्यांनी माझं ऐकलं होतं.

त्या वर्षी बोंडं भरायच्या वेळेला आबांच्या कपाशीची पानं लाल पडली. लाल्याची कारणं अनेक असतात. नत्राची उपासमार, मॅग्नेशियमची कमतरता, रात्रीची थंडी, मुळांशी साचलेलं किंवा कमी पडलेलं पाणी. सगळा दोष माझ्या बाटलीचा, असं मी म्हणणार नाही. पण बोंडं पोसायच्या वेळी झाडाला नत्र लागतं, ते त्याला मिळालं नाही आणि त्याचं कारण मी होतो. आबा भांडायला आले नाहीत. वर्षभराने फक्त प्रश्न घेऊन आले. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, जे करून पाहिलं आणि धंद्यात जे शिकलो, ते या लेखात मांडतो आहे.

गाडाभर शेवाळ आणि बाटलीभर अर्क

आपल्याकडे शेवाळ म्हटलं की विहिरीच्या पायरीवरचा हिरवा निसरडा थर डोळ्यांसमोर येतो. समुद्री शेवाळ त्याच्याच गोतातलं, पण आकाराने मोठं. खडकाला धरून वाढणारं, पट्ट्यांचं, फांद्यांचं, कधी हिरवं, कधी तांबडं, कधी तपकिरी. जमिनीवरच्या झाडासारखी खरी मुळं त्याला नसतात. अन्न ते सगळ्या अंगाने पाण्यातूनच घेतं.

शेतात समुद्री शेवाळ घालण्याची चाल जुनी आहे. फ्रान्समधला ब्रिटनी, स्कॉटलंड, आयर्लंड इथले किनाऱ्यावरचे शेतकरी वादळानंतर वाहून आलेलं शेवाळ गाड्या भरभरून शेतात नेत. आयर्लंडजवळच्या अरन बेटांवर तर उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळ यांचे थर देऊन लोकांनी माती तयार केली आणि तिच्यात बटाटे पिकवले. तिथे शेवाळ हे खरोखर खत होतं. ते शेणखतासारखं टनावारी पडायचं, कुजायचं आणि जमिनीला सेंद्रिय पदार्थ, पालाश, सूक्ष्मद्रव्यं द्यायचं.

बाटली त्यामानाने कालची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रेजिनाल्ड मिल्टन या जीवरसायनशास्त्रज्ञाने शेवाळ विरघळवून द्रवरूप अर्क करण्याची रीत बसवली आणि शेवाळ पहिल्यांदा किनाऱ्यापासून लांबच्या बागांत पोहोचू शकलं. सोय झाली, पण एक घोटाळाही झाला. गाडाभर शेवाळाची जी कीर्ती होती, ती आयतीच बाटलीभर अर्काला मिळाली. टनावारी टाकलेल्या पदार्थाचं काम काही मिलिलिटर करतील, असा समज तिथूनच रुजला. माझ्या जाहिरातीतलं वाक्य त्याच समजाचं नातवंड होतं.

मंडपमहून आलेली बाटली

आज भारतात विकल्या जाणाऱ्या शेवाळ-अर्काचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एक परदेशी. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात, म्हणजे कॅनडा, आयर्लंड, नॉर्वे इथल्या किनाऱ्यांवर वाढणाऱ्या 'अस्कोफायलम नोडोसम' या तपकिरी शेवाळाचा. तो बहुधा अल्कली वापरून काढतात आणि वाळवून काळ्या चकचकीत पापुद्र्यांच्या किंवा भुकटीच्या रूपात आणतात.

दुसरा आपल्या देशातला, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'कप्पाफायकस अल्वारेझी' हे मूळ फिलिपाइन्सकडचं तांबडं शेवाळ १९८०च्या दशकात भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने भारतात आणलं. पुढे तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपमच्या किनाऱ्यावर त्याची लागवड सुरू झाली. बांबूचे तीन मीटर लांबी-रुंदीचे तराफे, त्यांना ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेले शेवाळाचे तुकडे, आणि साधारण ४५ दिवसांनी काढणी. हे काम तिथल्या मच्छीमार कुटुंबांतल्या बाया बचत गटांमधून करतात. २०००च्या सुमारास पेप्सिको कंपनीने या लागवडीत हात घातला. २००८मध्ये तो व्यवसाय अ‍ॅक्वाग्री या कंपनीकडे गेला.

हे शेवाळ लावलं जात होतं ते खतासाठी नव्हे, तर कॅराजीनन या चिकट पदार्थासाठी. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक गोष्टींना दाटपणा यावा म्हणून तो वापरतात. त्यासाठी शेवाळ उन्हात वाळवलं जाई आणि त्यातला रस वाया जाई. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी ओलं शेवाळ आधी पिळून रस वेगळा काढायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढायचं, अशी जोडपद्धत बसवली. तिला २००५मध्ये अमेरिकेचं पेटंटही मिळालं. ऊस पिळून रसही घ्यावा आणि चिपाडही कामी आणावं, तसा हा प्रकार. इफ्कोचं 'सागरिका' शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. त्यात तांबड्या आणि तपकिरी शेवाळाचा २८ टक्के अर्क असल्याचं सांगितलं जातं.

आबांच्या प्रश्नाचं गणित

आता पोट भरण्याचा हिशेब. तो कुणालाही कागदावर मांडता येतो.

कोरडवाहू बीटी कपाशीला एकरी साधारण ४० किलो नत्र धरू. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे जवळपास २१ किलो. दोन गोण्यांत एका एकराचं नत्र आलं. शेवाळाचा अर्क एका फवारणीला एकरी २५० मिलिलिटर जातो. त्यात नत्र एक टक्का आहे असं उदारपणे मानलं, तरी एका फवारणीतून मिळतं अडीच ग्रॅम. एकीकडे ४१ किलो, दुसरीकडे अडीच ग्रॅम. सोळा हजार पटींहून जास्त फरक. तीन फवारण्या करा नाहीतर तीस, या बाटलीने कपाशीचं पोट भरत नाही.

मग ती करते काय? या अर्कांत ऑक्सिन, सायटोकायनिन अशी वनस्पतींची संप्रेरकं, बीटेनसारखी झाडाला ताण सोसायला मदत करणारी द्रव्यं, अल्जिनिक आम्ल, मॅनिटॉल, निरनिराळ्या शर्करा असतात. कशात काय आणि किती, हे शेवाळाच्या जातीवर आणि अर्क काढण्याच्या रीतीवर ठरतं. पूर्वी समज असा होता की अर्कातली संप्रेरकंच झाडात जाऊन काम करतात. २०१३ साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या एका छोट्या वनस्पतीवर अस्कोफायलमचा अर्क वापरून पाहिला. अर्कातल्या संप्रेरकांचं प्रमाण दिसणाऱ्या परिणामाला पुरेसं नव्हतं. अर्कामुळे झाडाच्या स्वतःच्या संप्रेरकांची घडण बदलत होती. म्हणजे बाटली झाडाला जेवू घालत नाही, झाडाच्या आतल्या व्यवहाराला हलवते.

आबांच्या भाषेत सांगायचं तर ती भूक लावते. मुळं वाढतात, अन्न उचलण्याची ताकद वाढते, ऊन किंवा पाण्याचा ताण सोसायला मदत होते. पण भूक लागलेल्या माणसासमोर भाकरी नसेल तर त्या भुकेचं करायचं काय? आबांच्या कपाशीला मी नेमकं तेच केलं होतं.

सत्तावन्न टक्के कुठून आले?

शेवाळाच्या जाहिरातींत 'उत्पादनात ५० टक्क्यांहून अधिक वाढ' असं हमखास लिहिलेलं असतं. हे आकडे हवेतले नसतात, म्हणून तर ते जास्त फसवतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात कोरडवाहू सोयाबीनवर कप्पाफायकसचा रस फवारल्यावर उत्पादन ५७ टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद आहे. पण ती वाढ मिळाली १५ टक्के तीव्रतेला. १५ टक्के म्हणजे एक लिटर फवाऱ्यात १५० मिलिलिटर रस. बाजारातल्या बाटलीवरची मात्रा बहुधा लिटरला दोन ते पाच मिलिलिटर असते. अडीच मिलिलिटर धरले तर प्रयोगातला रस साठ पट झाला.

बाटलीतला अर्क आटवून घट्ट केलेला असतो, त्यामुळे दोन्ही मिलिलिटर सारखे नाहीत, हे खरं. पण मग किती घट्ट, हे बाटलीवर लिहिलेलं हवं. ते नसेल तर प्रयोगातला आकडा त्या बाटलीला चिकटवता येत नाही. त्या प्रयोगातल्या सोयाबीनला शिफारशीची खतंही दिलेली होती, हे जाहिरातीत कधी येत नाही. वाढ होती ती खताच्या वर, खताऐवजी नव्हे.

म्हणून मी गच्चीवर एक साधा प्रयोग केला, तो वाचकांनाही करता येईल. एकाच रोपवाटिकेतली, एकाच उंचीची वीस टोमॅटोची रोपं घेतली. पाच कुंड्यांना फक्त पाणी. पाचांना शेणखत आणि पाण्याचीच फवारणी. पाचांना शेणखताशिवाय शेवाळाची फवारणी. उरलेल्या पाचांना शेणखत आणि शेवाळ दोन्ही. पाण्याची फवारणी महत्त्वाची, कारण उन्हाळ्यात पानांवर नुसतं पाणी मारलं तरी झाड टवटवीत दिसतं आणि ते श्रेय बाटली घेऊन जाते. कुंड्यांवर फक्त क्रमांक लिहिले. कुठल्या कुंडीत काय, हे आईला ठाऊक नव्हतं आणि रोपांना गुण तीच देत होती.

बिनखताच्या कुंड्यांत शेवाळ फवारलेल्या आणि न फवारलेल्या रोपांत आईला फरक सांगता आला नाही. शेणखताच्या कुंड्यांत मात्र शेवाळवाली रोपं लावणीनंतर लवकर सावरली. फळांच्या वजनात नजरेत भरावा असा फरक नव्हता. वीस कुंड्यांवरून सिद्धांत निघत नाही, पण विक्रेत्याच्या जिभेला लगाम घालायला तेवढ्या पुरल्या.

वापरताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. बाटलीवरची मात्रा वाढवू नये. रोप लावताना, फुलं येण्याआधी आणि ताणाच्या काळात ती जास्त कामी येते. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी जड असतं. अल्जिनेट असलेल्या अर्काच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे गाठी होतात आणि पंपाचं नोझल तुंबतं. म्हणून आधी ग्लासभर पाण्यात कालवून पाहावं आणि गाळून घ्यावं. आणि काळ्या रंगावरून माल पारखू नये. ह्युमिक आम्लही तसंच काळं दिसतं.

बाटली लहान, धंदा त्याहून लहान

माझी बहुतेक गिऱ्हाइकं पुण्या-नाशिकची, गॅलरीत नाहीतर गच्चीवर बाग करणारी. त्यांचाही हिशेब करून पाहिला. दहा कुंड्यांना एका फवारणीला अर्धा लिटर पाणी पुरतं. लिटरला अडीच मिलिलिटर प्रमाणे अर्क लागला सव्वा मिलिलिटर. पंधरा दिवसांनी एक फवारणी, वर्षात २४ वेळा, म्हणजे वर्षाला ३० मिलिलिटर. मी त्यांना विकत होतो २५० मिलिलिटरची बाटली. ती संपायला आठ वर्षं लागली असती, आणि तोवर अर्क केव्हाच खराब झाला असता.

प्रामाणिक माप ५० मिलिलिटरचं. पण तेवढ्या मालापेक्षा कुरिअरचा खर्च जास्त. शिवाय पातळ माल गळतो, आणि आमच्याकडचा मे महिना ४५ अंशांवर जातो तेव्हा काही बाटल्या आंबून फुगतात. माझ्या सुरुवातीच्या महिन्यांत नफा खाल्ला तो याच बाटल्यांनी.

यावर मी जी युक्ती काढली ती चूक होती, आणि माझ्यासारखे अनेक जण ती आजही करत असतील म्हणून सांगतो. पाच लिटरचा डबा आणायचा, छोट्या बाटल्यांत भरायचा आणि आपल्या नावाचं लेबल लावायचं. ही मला घरगुती उद्योगाची हुशारी वाटत होती. पण खत नियंत्रण आदेश, १९८५ हा कायदा ऑनलाइन विक्रीलाही लागू आहे. विकणाऱ्याला कृषी खात्याचं अधिकारपत्र लागतं, ते मिळवायला ठरावीक शिक्षण किंवा अभ्यासक्रम लागतो, आणि ज्याचा माल विकायचा त्याचं उगम प्रमाणपत्र लागतं. दुकानदार त्याला 'ओ फॉर्म' म्हणतात. बंद डबा फोडून आपल्या नावाने बाटली भरली की त्या मालाची जबाबदारी आपल्यावर येते, आणि त्यासाठीची नोंदणी माझ्याकडे नव्हती. त्या बाटल्या मी थांबवल्या. पुढे परवाना काढला आणि आता मूळ कंपनीच्या सीलबंद मालाशिवाय काही पाठवत नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने याच आदेशात 'जैव उत्तेजक' असा नवा वर्ग घातला आणि शेवाळाचा अर्क त्यात बसवला. त्या व्याख्येचा गाभा असा: वनस्पतीच्या जीवनक्रिया चेतवणं, अन्न उचलण्याची क्षमता, वाढ, उत्पादन आणि ताण सोसण्याची शक्ती वाढवणं. कीटकनाशकं त्यात येत नाहीत. म्हणजे 'मावा जातो, करपा थांबतो' असं शेवाळाच्या बाटलीवर लिहिता येत नाही. आबांना एका वाक्यात जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर सरकारने चार वर्षं आधीच राजपत्रात छापून ठेवलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

आधीपासून बाजारात असलेल्या मालाला तात्पुरती नोंदणी देण्यात आली होती. तिची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. त्यानंतर जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की पूर्वी सुमारे ३० हजार जैव उत्तेजक उत्पादनं कुठल्याही तपासणीविना विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांत ती आठ हजारांच्या आसपास होती आणि कडक तपासणीनंतर साधारण ६५० उरली. या आकड्यांकडे विक्रेता म्हणून पाहिलं की पोटात गोळा येतो, आणि शेतकऱ्याचा मुलगा म्हणून पाहिलं की राग. माझ्या यादीतल्याही दोन वस्तू मला काढाव्या लागल्या. उरलेल्या विकताना मी आता तीन गोष्टी पाहतो: मालाची अधिसूचना निघाली आहे का, कोणत्या पिकासाठी आणि किती मात्रेत, आणि अर्काचं प्रमाण लेबलवर आहे का. गिऱ्हाइकांनीही हेच विचारावं.

समुद्राच्या बाजूने

एक गोष्ट पारोळ्यात बसून दिसत नाही. 'समुद्रातून आलं म्हणजे निसर्गाचं, म्हणजे निर्धोक,' असं आपण धरून चालतो. पण कप्पाफायकस आपल्या किनाऱ्यावर पाहुणं आहे. मन्नारच्या आखातातल्या कुरुसडाई बेटाजवळ ते तराफ्यांवरून सुटून प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आली, आणि त्यावर बराच वाद झाला. पाणी तापलं की हे शेवाळ मरतं. तेव्हा ज्या बायांचा संसार तराफ्यांवर आहे, त्यांचं पीक बुडतं. आमच्याकडे गारपिटीत केळी जाते, तसंच ते. माझ्या बाटलीच्या मागे अशा एका शेतकरीणीचाही हंगाम आहे. जाहिरातीत तिचं नाव नसतं, आबांचंही नसतं.

पुन्हा ओसरीवर

त्या दिवशी आबांना मी सगळा हिशेब वहीवर मांडून दाखवला. ४१ किलो एका बाजूला, अडीच ग्रॅम दुसऱ्या बाजूला. "आबा, भूक लावते. पोट भरत नाही. मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," असं म्हणालो. त्यांच्या नुकसानीचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. बाटल्यांचे पैसे परत दिले, ते मात्र मोजून घेतले.

यंदा त्यांनी माती तपासून घेतली, युरिया हप्त्याहप्त्याने दिला आणि लाल्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट आणून ठेवलं. आणि पात्या लागायच्या आधी सकाळी सातला दारात येऊन उभे राहिले. "एक बाटली दे. पन बिल दे, अन लिही दे का हाई जेवन नही."

मी बिलावर तसं लिहून दिलं. तेव्हापासून पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक खोक्यातही एक चिठ्ठी असते: हे जेवण नाही, भूक आहे, आधी कुंडीत खत घाला. ती चिठ्ठी घातल्यापासून माझी विक्री घटली आहे. परत मागवणारी गिऱ्हाइकं मात्र वाढली आहेत.